'सारखे' म्हणजे नेमके काय?

1557 साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने बरोबरीसाठी दोन समांतर रेषांचे चिन्ह योजले. या रेषांहून अधिक सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत, असे त्याचे समर्थन होते. तिथे सारखेपणा डोळ्यांना दिसतो. बीजगणित संख्यांकडून रचनांकडे वळले, तेव्हा ही सोय संपली. चार घटकांचे 'गट' दोनच प्रकारचे असतात, हे आर्थर केलीने 1854 मध्ये नोंदवले. घटकांना कोणतीही नावे द्या, रचना या दोहोंपैकीच एक. सारखेपणा नावांत नसून नात्यांत असतो, हे त्यामागचे तत्त्व.

1911 मध्ये जर्मन गणितज्ञ माक्स डेन याने पुढचा प्रश्न विचारला. काही चिन्हे आणि काही नियम एवढ्यावरून गटाचे वर्णन करता येते. अशी दोन वर्णने समोर असतील, तर त्यांची रचना एकच आहे की नाही हे ठरवणारी, सर्वत्र लागू पडणारी रीत आहे का? ज्यू असल्यामुळे डेनचे फ्रँकफर्टमधील प्राध्यापकपद 1935 मध्ये गेले. पुढे तो अमेरिकेत ब्लॅक माउंटन या कलाप्रधान महाविद्यालयात शिकवू लागला आणि 1952 मध्ये तिथेच निवर्तला. उत्तर त्यानंतर आले. आदियान (1955) आणि रॅबिन (1958) यांनी सिद्ध केले की अशी रीत असूच शकत नाही.

तरीही संगणकाला बरोबरीचे चिन्ह तर हवेच. जर्मनीतील आखेन येथे 1986 मध्ये सुरू झालेल्या 'गॅप' या प्रणालीने अर्थांची विभागणी केली. दोन गटांचे घटक तेच असतील तरच ती त्यांना 'बरोबर' म्हणते. रचना एक आहे का, हे वेगळ्या आज्ञेने विचारावे लागते. म्हणूनच दोन चिन्हांवरचा, कोणताही नियम नसलेला गट एकाच शब्दांत दोनदा मागितला, तर हाती येणाऱ्या दोन गटांना ती बरोबर मानत नाही. रचना तीच, पण घटक निराळे! 2005 मधील 'सेज' प्रणाली एकाच वर्णनाची बहुपदींची रचना पुन्हा मागितल्यास पहिलीच परत देते. मात्र चलाचे नाव 'क्ष'ऐवजी 'य' केले, की ती रचना तिच्या लेखी वेगळी ठरते.

एखाद्या अभंगाच्या दोन पाठांना आपण वर्गात सहज 'एकच अभंग' म्हणतो. तो शब्दांनी एक, की आशयाने, की कर्त्याच्या नावाने, हे सांगायचे मात्र राहून जाते. यंत्राला तशी मुभा नाही. कोणत्या अर्थाने सारखे, हे आधी ठरवल्याशिवाय त्याला उत्तरच देता येत नाही.