संत पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र : बेड्यांत उमललेला आनंद

नव्या करारात संत पौलाच्या नावे तेरा पत्रे आहेत. त्यांपैकी फिलिप्पै येथील भाविकांना लिहिलेले पत्र अवघ्या चार अध्यायांचे आहे. 'आनंद' हे नाम, 'आनंद करणे' हे क्रियापद आणि 'इतरांसह आनंद करणे' हे त्याचे जोडरूप धरून मूळ ग्रीक पत्रात हा शब्द सोळा वेळा येतो. म्हणूनच या पत्राला 'आनंदाचे पत्र' असे म्हटले जाते. विशेष म्हणजे ते लिहिताना संत पौल बंदिवासात होता. आपल्या खटल्याचा शेवट सुटकेत होणार की मृत्युदंडात, हे त्याला ठाऊक नव्हते. अशा स्थितीत हा आनंद कोठून आला, तो कसा आहे आणि आपल्या जीवनात तो कसा टिकू शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फिलिप्पै नगर व तेथील ख्रिस्तसभा

फिलिप्पै हे मासेदोनियातील नगर. सिकंदराचा पिता दुसरा फिलिप याने इ. स. पूर्व ३५६ मध्ये त्याला आपले नाव दिले. इ. स. पूर्व ४२ मधील प्रसिद्ध लढाईनंतर तेथे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन रोमन वसाहत स्थापन करण्यात आली. उत्तर ग्रीसमधील कवाला शहरानजीक आजही त्याचे अवशेष दिसतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

इ. स. ५० च्या सुमारास संत पौल तेथे पोहोचला. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात ही हकीकत आहे. नगराबाहेर नदीकाठी प्रार्थनेसाठी जमलेल्या स्त्रियांत लुदिया नावाची जांभळ्या वस्त्रांची व्यापारी होती. तिने व तिच्या घराण्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे एका दासीला दुष्ट आत्म्यापासून मुक्त केल्यामुळे तिच्यावर पैसा कमावणारे तिचे धनी संतापले. पौल व सीला यांना फटके मारून कारागृहात टाकण्यात आले आणि त्यांचे पाय खोड्यात अडकविण्यात आले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत देवाची स्तोत्रे गात होते व इतर बंदिवान ऐकत होते. तेवढ्यात भूकंप होऊन दरवाजे उघडले. कैदी पळाले असे समजून बंदिशाळेचा नायक आत्महत्येस प्रवृत्त झाला, परंतु पौलाने त्याला थांबविले. त्याच रात्री त्याने दोघांच्या जखमा धुतल्या, कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले. त्याच्या सर्व घराला हर्ष झाला, अशी नोंद ग्रंथकार आवर्जून करतो. फिलिप्पै येथील ख्रिस्ती आनंदाचा जन्म असा जखमा धुताना झाला.

पत्राची पार्श्वभूमी

हे पत्र रोममधून इ. स. ६० नंतर लिहिले गेले, असे परंपरा मानते. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया येथील बंदिवासाचा पर्याय सुचवतात. त्या काळी कारागृह हे बहुधा शिक्षेचे नव्हे, तर निकालाची वाट पाहण्याचे ठिकाण असे. कैद्याला अन्नवस्त्रासाठी आप्तमित्रांवर अवलंबून राहावे लागे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत याच्या हाती पौलाला मदत पाठविली. या सेवेत एपफ्रदीत मरणोन्मुख आजारी झाला, पुढे बरा झाला आणि पौलाने त्याला गावी परत पाठविले. मदतीबद्दलची कृतज्ञता हेही या पत्राचे एक निमित्त आहे.

आनंद म्हणजे अश्रूंचा अभाव नव्हे

अनेक भाविकांच्या मनात एक सल असते. घरात मृत्यू होतो, आजार ठाण मांडून बसतो, मुलांची चिंता रात्रीची झोप हिरावून घेते. मग वाटते, 'मला आनंद होत नाही, म्हणजे माझी श्रद्धा उणी पडली.' सांत्वनाला आलेली माणसेही कधी कधी घाईने 'रडू नका, श्रद्धा ठेवा' असे सांगून ही सल अधिकच खोल करतात.

हे पत्र वेगळे काही शिकवते. एपफ्रदीत दगावला असता तर आपल्यावर दुःखामागून दुःख कोसळले असते, असे पौल दुसऱ्या अध्यायात मोकळेपणाने कबूल करतो. तिसऱ्या अध्यायात क्रुसाच्या वैऱ्यांविषयी लिहिताना त्याचे डोळे पाणावलेले आहेत. चौथ्या अध्यायात युवदीया व सुंतुखे या दोन सेविकांतील मतभेदाची व्यथा आहे. अश्रू आणि आनंद एकाच पत्रात नांदतात. स्वतः प्रभू येशूने लाजरच्या कबरेजवळ अश्रू ढाळले. शोक करणे हा श्रद्धेचा पराभव नाही. तो प्रेमाचाच एक चेहरा आहे.

आनंदाचा उगम

मग हा आनंद कशावर उभा आहे? पौल केवळ 'आनंदी राहा' असे म्हणत नाही. 'प्रभूमध्ये' हा शब्द तो आवर्जून जोडतो. परिस्थिती बदलली की सुख ओसरते. प्रभूशी असलेले नाते मात्र बेड्यांनी तुटत नाही. ग्रीक भाषेत आनंद व कृपा या अर्थांचे शब्द एकाच धातूपासून आले आहेत. आनंद ही आपली कमाई नसून मिळालेले दान आहे. गलतीकरांस पत्रात पौल त्याला पवित्र आत्म्याच्या फळांत प्रीतीच्या लगेच नंतर स्थान देतो. संत थॉमस अक्वायनस यांनी आनंद हा वेगळा सद्गुण न मानता प्रीतीचा परिणाम मानला, तो याच अर्थाने. कोणी हिरावून घेऊ शकणार नाही अशा आनंदाचे अभिवचन प्रभू येशूनेही आपल्या दुःखसहनाच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनप्रसंगी दिले होते.

आनंद शिकावा लागतो

विपुलतेत व टंचाईत समाधानी राहण्यास आपण 'शिकलो', असे पौल लिहितो. म्हणजे हा जन्मजात स्वभाव नव्हे, तर अभ्यास आहे. त्याचे चार पाठ या पत्रात आढळतात:

१. कृतज्ञ स्मरण : पत्राचा आरंभच मित्रांच्या आठवणीने व देवाच्या आभाराने होतो.
२. प्रार्थना : चिंता दडपून न ठेवता ती आभारासह देवापुढे मांडणे.
३. समेट : भांडण मिटविण्यासाठी पौल दुसऱ्या सहकाऱ्यालाही मदतीस बोलावतो.
४. सहभागिता : दुसऱ्याच्या गरजेत आपला वाटा उचलणे आणि आपल्या गरजेत इतरांची मदत संकोच न करता स्वीकारणे.

ख्रिस्तसभेची शिकवण व उपासना

आगमनकाळातील तिसऱ्या रविवारी मिस्साबलीचे प्रवेशवचन याच पत्राच्या चौथ्या अध्यायातून घेतले आहे. त्यावरून या दिवसाला 'गौदेते' म्हणजे 'आनंद करा' रविवार असे नाव पडले. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा वापरता येतो. प्रतीक्षा संपलेली नसते, तरीही आनंदाला आरंभ होतो.

पोप सहावे पौल यांनी ९ मे १९७५ रोजी 'गौदेते इन दोमिनो' हे ख्रिस्ती आनंदावरील प्रेषितीय प्रबोधनपत्र प्रसृत केले. आधुनिक समाजाने सुखसाधने वाढविली, पण आनंद निर्माण करणे त्याला कठीण जाते, असे त्यांनी दाखवून दिले. पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेल्या 'इव्हांजेली गौदियुम' या प्रबोधनपत्रात दुःखितांची बाजू समजून घेत म्हटले की, कठीण काळात आनंद सारख्याच रूपात दिसत नाही. तरी देवाचे आपल्यावर अपार प्रेम आहे या खात्रीतून त्याची किमान एक ज्योत तेवत राहते.

प्रिय भाविकहो, आज आपल्यापैकी कोणाची ती ज्योत मंद असेल, तर त्याने स्वतःला दोष देऊ नये. फिलिप्पैकरांस पत्र शांतपणे एका बैठकीत वाचावे; ते वाचण्यास पाव तास पुरतो. आणि ज्याची ज्योत प्रखर आहे, त्याने एपफ्रदीतासारखे एखाद्या दुःखी घराची वाट धरावी. बंदिवासातील पौलाला आनंद देवाकडून मिळाला, पण तो त्याच्यापर्यंत माणसांच्या पावलांनी चालत आला.