स्पेनचे घोडे बघण्याआधी
(रसायनी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आपल्याच श्रोत्यांकडून आला आहे. चार-पाच कुटुंबं मिळून येत्या मे महिन्यात स्पेनला जायचं ठरवताहेत. तिथले अँडालुशियन घोडे बघायचे आहेत. त्यांनी विचारलं, की जाण्याआधी इतिहास म्हणून काय माहीत असावं? प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर मात्र जरा वाकडं आहे. स्पेनला जरूर जा, पण आधी रेवदंड्याला जा, उंबरखिंडीत जा आणि माथेरानला जा. कारण स्पेनच्या घोड्याची गोष्ट जिथे आपल्या गोष्टीला मिळते, ती ठिकाणं रसायनीपासून एका दिवसात जाऊन यावं इतकी जवळ आहेत.

प्रवासाचं आधी उरकून घेऊ. मे महिना योग्य आहे. दक्षिण स्पेनमधल्या हेरेस गावी घोड्यांची मोठी जत्रा मे महिन्यातच भरते आणि आपल्या शाळांनाही सुट्टी असते. हेरेसमध्ये राजाश्रय असलेली अश्वविद्येची शाळा आहे, १९७३ साली सुरू झालेली. तिथे ठरावीक दिवशी संगीतावर घोड्यांचा खेळ होतो. दुसरं ठिकाण कोर्दोबा, तिथे जुनी राजेशाही पागा आहे. तिसरं सेव्हिल, पण तिथलं मोठं अश्वप्रदर्शन नोव्हेंबरात असतं. व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा वरातीमागून घोडं नको. (हशा)

आता इतिहास. कोर्दोबाची ती पागा बांधली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने, १५७० च्या सुमारास. त्याला एक आदर्श घोडा तयार करायचा होता. निवडक घोड्या, निवडक वळू आणि पिढ्यान् पिढ्यांची जोपासना. आज आपण ज्याला अँडालुशियन म्हणतो, त्याच्या घडणीत या पागेचा मोठा वाटा आहे. पुढे १५८० साली काय झालं? पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि तीही याच फिलिपकडे आली. पोर्तुगालबरोबर गोवा आला, वसई आली आणि आपलं चौल-रेवदंडाही आलं. म्हणजे कोर्दोब्यात घोडे पोसणारा राजा अठरा वर्षं, मरेपर्यंत, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका किल्ल्याचा धनी होता. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून कोर्लईचा किल्ला घेतला, तोही त्याच्याच कारकिर्दीत. त्या लढाईबद्दल असं सांगतात, की मेलेला हत्ती आणि मेलेला घोडा दरवाजात आडवे पडले, त्यामुळे दरवाजा मिटेना आणि शत्रू आत शिरला.

मग साहजिक प्रश्न येतो, की फिलिपचे घोडे इकडे आले का? लक्षात घ्या, त्या काळी लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला यायला सहा-सहा महिने लागत. घोडा आणायचा तर इराणच्या आखातातलं होर्मुझ कितीतरी जवळ. म्हणून पोर्तुगिजांनी घोडे आणले ते अरबी आणि इराणी. १५१० मध्ये गोवा आणि १५१५ मध्ये होर्मुझ हातात आल्यावर या व्यापाराची दोन्ही टोकं त्यांच्या मुठीत आली. ज्याला घोडे मिळतील त्याची फौज भारी. विजयनगर आणि विजापूर दोघेही गोव्याकडे डोळे लावून बसत. विजयनगरच्या एका राजाबद्दल नुनिझ नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याचं नुसतं शेपूट आणून दाखवलं तरी राजा पूर्ण किंमत मोजायचा. यातून दोन गोष्टी कळतात. घोडा किती हवा होता, आणि तो समुद्रात किती मरत होता.

पोर्तुगिजांच्याही आधीचा एक साक्षीदार आहे, आणि तो तर थेट आपल्या जिल्ह्यात उतरला. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी. १४७० च्या आसपास तो चौलला आला, तोही विकायला एकच घोडा घेऊन. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, बघून या. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला. वाटेवरच्या गावांत त्याने पालीचं नाव दिलंय. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, की धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर सोन्याच्या हजार मोहरा देतो. चार दिवसांची मुदत होती. शेवटी खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ मध्ये पडला आणि घोडा सुटला. पुढे वर्षभर सांभाळून तो बिदरकडे विकला गेला, आणि वर्षभराच्या खुराकाचा खर्च निकितीनने हिशेबाने लिहून ठेवला आहे. तो लिहितो, की या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात. घोड्यांना चणे घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, याचंही त्याला नवल वाटलं.

निकितीनचं 'घोडे निपजत नाहीत' हे वाक्य सरसकट खरं नाही. भीमेच्या खोऱ्यात आपला देशी घोडा होता, भीमथडीचा. अरबी-इराणी घोड्याचं रक्त त्यात मिसळत गेलं. उंचीला बेताचा, काटक, थोडक्या चंदीवर भागवणारा आणि डोंगराळ वाटेला न बिचकणारा. मराठी फौज धावली ती मुख्यतः या जनावरावर.

आणि या फौजेचा एक सरनोबत म्हणजे नेताजी पालकर. इथून जवळचं चौक हे त्यांचं गाव म्हणून आपण ओळखतो. सरनोबत म्हणजे किती मोठी जबाबदारी, हे सभासदाने दिलेल्या रचनेवरून कळतं. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल. मला यातली ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. तलवारीबद्दल सगळेच बोलतात. नालबंदाची नेमणूक करणारा माणूस घोडा ओळखणारा असतो.

याचा पुरावा म्हणजे शिवाजी महाराजांचं मे महिन्यातलं एक पत्र. फौजेची छावणी चिपळूणच्या बाजूला होती आणि पावसाळा तोंडावर होता. महाराज जुमलेदारांना बजावतात ते सगळं दाणावैरणीबद्दल. आत्ता धान्य-गवत उधळलंत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावात शिरून कुणाचं धान्य, कुणाचं गवत ओढून आणाल आणि रयतेला वाटेल, याहून मोगल बरे. रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताला आग लागेल. गवत जळलं की घोडा गेला. कोकणात घोडा सांभाळणं म्हणजे काय, हे या पत्राइतकं कुठेच नीट समजत नाही. इथे गवत उदंड उगवतं, पण चार महिने सगळं भिजलेलं असतं. साठवण कोरडी राहिली तरच जनावर जगतं.

आणि घोडा असून भागत नाही, जागा ओळखावी लागते, हे उंबरखिंड सांगते. फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखानाने धाडलेला कारतलबखान घाटावरून मोठी फौज घेऊन कोकणात उतरला. खालापूर तालुक्यात, चावणीजवळ, दाट रानातली अरुंद वाट आहे. महाराजांनी ती दोन्ही तोंडांनी अडवली. उघड्या मैदानात भारी पडणारं मोगली घोडदळ तिथे वळूही शकेना. हत्यारं आणि सामान टाकून खान जीव घेऊन परत गेला. त्याच्या सैन्यात रायबागन नावाची पराक्रमी स्त्री सरदार होती, शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिचा, असं सांगितलं जातं. तिथे स्मारक आहे. उभे राहा आणि फक्त एवढंच मनात आणा, की या वाटेवर आपण घोड्यावर असतो तर काय केलं असतं.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. लढाया संपल्यावर घोड्याचं काय होतं?

स्पेनमध्ये पाहू. नेपोलियनच्या फौजा आल्या आणि चांगले घोडे लुटून गेल्या. हेरेसजवळ कार्थुशियन पंथाच्या मठात साधूंनी एक जुना वंश जपला होता. १८३५ च्या सुमारास मठच बंद झाले. पण काही घराण्यांनी त्या घोड्या विकत घेऊन वंश टिकवला. १९१२ पासून जातीची वंशनोंद सुरू झाली, ती लष्कराच्या देखरेखीखाली. पुढे शाळा निघाली, जत्रा वाढली, प्रदर्शनं झाली. रणांगणावरचं काम गेलं, त्या जागी दुसरं काम उभं केलं. आज तुम्ही तिकीट काढून जे बघणार आहात, ते आपोआप टिकलेलं नाही. कुणीतरी वही ठेवली, म्हणून टिकलं.

आपल्याकडे १८१८ ला पेशवाई गेली, पागा मोडल्या. भीमथडीच्या घोड्याची वही कुणी ठेवली? कुणीच नाही. मग तो टिकला कसा? धनगरांनी टिकवला. दिवाळीनंतर घाटावरचे मेंढपाळ कोकणात उतरतात, आपल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. त्यांच्या तांड्याबरोबर घोडी असतात, पाठीवर भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, कधी वर एखादं लहान मूल. आपण गाडीचा हॉर्न वाजवून पुढे जातो. मंडळी, त्या घोड्यांत तोच भीमथडीचा वंश आहे. अलीकडेच केंद्राच्या पशुआनुवंशिक संस्थेने भीमथडीची देशी अश्वजात म्हणून अधिकृत नोंद केली. मारवाडी, काठेवाडी यांच्या ओळीत आता तो बसला. दोनशे वर्षं ज्यांनी तो सांभाळला, त्यांनी नोंदवहीत नाही, पाठीवर ओझं टाकून सांभाळला.

दुसरं उदाहरण डोक्यावरच आहे, माथेरान. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने चौकला मुक्काम असताना तो डोंगर पहिल्यांदा चढला. १९०७ ला नेरळची छोटी गाडी सुरू झाली. त्याआधी साहेब, पारशी, शेठ सगळे नेरळहून तट्टावर नाहीतर पालखीत वर जायचे. गाडी आली तरी घोडा गेला नाही, कारण वर मोटारीला बंदी राहिली. दस्तुरी नाक्यावर आजही चारशेहून जास्त घोडे पोटापाण्याचं काम करतात. हेरेसचा घोडा नाचतो, माथेरानचा घोडा ओझं आणि माणसं वाहतो.

आणि आज हे काम डळमळतंय. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षाची चाचणी झाली. माणसाने ओढायची रिक्षा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं, आणि ते योग्यच आहे. माणसाने माणसाला ओढू नये. आजारी माणसाला, शाळेच्या पोराला वाहन हवं, यावरही वाद नाही. पण लाल मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही, हा वाद न्यायालयापर्यंत गेला, त्यात घोडेवाल्यांचं म्हणणं साधं होतं: नाल मारलेलं खूर गुळगुळीत उतारावर घसरतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या राज्यात पंचवीस घोड्यांमागे नालबंद नेमला होता, तिथे रस्ता करताना नालाचा विचार कोण करतं, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो.

कुणी म्हणेल, घोड्याला कष्टातून सोडवा, म्हणजे झालं. म्हणायला सोपं आहे. पण काम सुटलेल्या घोड्याला चंदी कोण घालणार? मोतद्दाराच्या घरात उद्या काय शिजणार? काम बदलायचं असेल तर दुसरं काम आधी उभं करावं लागतं. घोड्याची पाठ, खूर, वजनाची मर्यादा हे तपासणारा माणूस नेमावा लागतो. हे भावनेने होत नाही, व्यवस्थेने होतं.

म्हणून स्पेनला जाल तेव्हा नुसते फोटो काढू नका. तिथल्या लोकांना तीन गोष्टी विचारा. वंशनोंद कोण ठेवतं आणि तिचा खर्च कुठून येतो? तबेल्यात काम करणाऱ्या माणसाला पगार काय आणि शिक्षण कुठे मिळतं? म्हातारा झालेला घोडा जातो कुठे? उत्तरं लिहून आणा. परत आल्यावर डिसेंबरात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला जा, किंवा मार्गशीर्षात नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाला जा. दोन्हीकडे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथेही हेच तीन प्रश्न विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी मांडा.

पुढच्या वेळी आपण भोर घाटाच्या वाटेबद्दल बोलू. १८३० ला गाडीरस्ता झाला आणि १८६३ ला रेल्वे आली, तेव्हा खोपोलीतल्या बैलांचं आणि तट्टांचं काय झालं, हा आजच्याच गोष्टीचा पुढचा भाग आहे.