दांडा इथे, गियरबॉक्स तिथे

पोर्शे ९१४ आता पन्नाशी ओलांडलेली गाडी आहे. तिच्याबद्दलची तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे दुसरा गियर सापडत नाही. वरणात डाव फिरवावा तसा दांडा चहूकडे फिरतो. दुसरा शोधताना कधी चौथा पडतो, कधी हात रिव्हर्सच्या घरात जातो. त्यात या गाडीचा पहिला गियर डावीकडे खाली आणि त्याच्या वर रिव्हर्स, म्हणजे नवख्याची परीक्षाच. मग कोणीतरी ‘गियरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

तो उतरवायची घाई करू नये. आधी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गियर टाकून पाहावेत. बंद गाडीत ते सरळ पडतात आणि चालू गाडीत खरखरतात, तर क्लच पुरता सुटत नाही; त्याची केबल बघावी. दांडा घट्ट आहे, पण गाडी थंड असताना फक्त दुसराच कुरकुरतो, तर आतली सिंक्रो रिंग झिजली असण्याची शक्यता मोठी. मात्र बंद गाडीतही दांडा लुळा असेल, तर चोर गियरबॉक्सच्या बाहेर आहे. एकाने आत बसून दांडा हलवावा, दुसऱ्याने गाडीखाली पडून दांडा आणि गियरबॉक्स जोडणाऱ्या गजांवर नजर ठेवावी. जिथे पुढचा गज हलतो आणि मागचा जागचा हलत नाही, तिथला प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे सांध्यातलं अस्तर, गेलेला असतो. कधी नुसता तुकड्यांचा चुरा हाती लागतो.

एवढ्याशा बुशावर गाडीची चाल अवलंबून का? कारण दांडा चालकाच्या गुडघ्याशी आणि गियरबॉक्स गाडीच्या शेपटाशी. १९६९ साली आलेल्या ९१४मध्ये इंजिन आसनांच्या मागे आणि गियरबॉक्स त्याच्याही मागे आहे. सुरुवातीच्या गाड्यांत तर गज इंजिनाला वळसा घालून थेट गियरबॉक्सच्या मागच्या टोकात शिरतो. वाटेत बोगदा, इंजिनाआडचा पत्रा, सांधे आणि प्रत्येक ठिकाणी बुश. प्रत्येकाने जरा जरा सैल व्हायचं ठरवलं की हातातली हालचाल मागे पोचेपर्यंत विरून जाते.

गियरबॉक्स मुळात ९१४चा नव्हेच. तो ९११कडून आला. ९११मध्ये इंजिन मागच्या आसाच्या मागे लोंबतं आणि गियरबॉक्स त्याच्या पुढे, म्हणजे दांड्याच्या जवळ; गज सरळ आणि आखूड. ९१४साठी हा सगळा संच उलटा फिरवला. तेव्हा डिफरन्शियलमधलं मोठं चक्रही दुसऱ्या बाजूला बसवावं लागलं, नाहीतर गाडीला पाच रिव्हर्स आणि पुढे जायला एकच गियर मिळाला असता! इंजिनिअरांनी ते निस्तरलं, पण गजाची लांबी त्यांच्याही हातात नव्हती.

आणखी मागे गेलं की फोक्सवागन बीटल भेटते. फर्डिनांड पोर्शे यांनी तिसाच्या दशकात आखलेल्या या गाडीच्या पाठीच्या कण्यात एक बोगदा आहे. मधल्या कण्यावर गाडी उभी करण्याची कल्पना हान्स लेडविंका यांनी १९२३च्या टाट्रा ११मध्ये आधीच वापरली होती. बीटलचा गज या बोगद्यातून जातो आणि मागच्या आसनाखाली, पत्र्याच्या झाकणाआड, एका सांध्याने गियरबॉक्सला जोडला जातो. सांधा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. इंजिन आणि गियरबॉक्स रबरावर बसलेले, हलणारे. तो थरथराट हातापर्यंत येऊ नये म्हणून मध्ये मऊ माल. बुश झिजतो तो या कामापायी. मला तरी त्याला दोष द्यावासा वाटत नाही.

बीटलच्याही आधी गेलं तर गोष्ट सोपी दिसते: १८९१च्या पानहार-लेव्हासोर गाडीत इंजिन पुढे, गियर त्याच्या मागे. १९०१च्या मर्सिडीजमध्ये दांड्याला खाचांची चौकट मिळाली. पुढे दांडा अनेक गाड्यांत गियरबॉक्सच्या डोक्यावरच रोवला गेला, मग बुशांची ही साखळी कशाला? पण दांडा दूर नेला की ती परत येते. आपल्या मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा. इंजिन पुढेच, पण दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर. तिच्याही सांध्यांत ढिलाई शिरली की चालकाला गियर हुडकावा लागे.

दुरुस्ती खर्चाची नाही, चिकाटीची आहे. बुश सगळे एकदम बदलावेत. एकच बदलला तर उरलेले ढिलेच राहतात. सांध्यावर शंकूच्या टोकाचा स्क्रू असतो, तो सैल असेल तर नवे बुशही व्यर्थ. सांधा सोडण्याआधी गजांवर रेघ मारून ठेवावी, नाहीतर जुळवणी पहिल्यापासून.

१९७३च्या ९१४मध्ये गज शेपटाऐवजी गियरबॉक्सच्या बाजूने आत घेतला आणि गियर बरेच नेमके पडू लागले. १९९६च्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये गज जाऊन दोन केबली आल्या. त्यांच्या टोकांना वाट्या मात्र प्लॅस्टिकच्याच आहेत.