शिफारसपत्र, लॉ स्कूल प्रवेशासाठीचे (अमेरिका)

अमेरिकेतील लॉ स्कूलमध्ये प्रवेश मागताना अर्जाबरोबर द्यावे लागणारे, अर्जदाराला जवळून पाहिलेल्या शिक्षकाने किंवा वरिष्ठाने लिहिलेले पत्र. ज्युरिस डॉक्टर (जेडी) ही तिथली कायद्याची पदवी कोणत्याही विषयातील पहिल्या पदवीनंतर तीन वर्षांत मिळते. बहुतेक अर्जदारांनी कायदा आधी शिकलेला नसतो. अवघड मजकूर अर्जदार कसा वाचतो, विरोधी मताला काय उत्तर देतो, दाखवलेली चूक स्वीकारून पुन्हा लिहितो का, हे गुणपत्रकावरून किंवा एलसॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून कळत नाही. प्रवेश समिती ते या पत्रात शोधते.

पत्र अर्जदाराच्या हातून जात नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल या संस्थेच्या संकेतस्थळावर अर्जदार शिफारसकर्त्याचे नाव व ईमेल नोंदवतो. शिफारसकर्ता सही केलेले पत्र तिथेच चढवतो आणि संस्था ते अर्जदाराने निवडलेल्या विद्यालयांना पाठवते. बहुतेक ठिकाणी दोन पत्रे पुरतात. अर्ज आले तसे तपासले जात असल्याने सप्टेंबरात भरलेला अर्जही पत्र न आल्यास अपूर्ण म्हणून अडून राहू शकतो. त्यामुळे शिक्षकाला निदान दीड-दोन महिने आधी विचारावे, सोबत आपला निबंध, गुणपत्रक आणि शेवटची तारीख द्यावी.

१९७४ च्या कौटुंबिक शैक्षणिक हक्क व गोपनीयता कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला. शिफारसपत्रापुरता हा हक्क विद्यार्थी लेखी सोडू शकतो. मात्र तशी अट घालून प्रवेश देता येत नाही. बहुतेक अर्जदार तो सोडतात, कारण अर्जदार वाचणार नाही हे ठाऊक असेल तर लिहिणारा मोकळेपणाने लिहितो.

पत्र कोणाचे घ्यावे, यातच सर्वाधिक चुका होतात. न्यायाधीश, आमदार किंवा वडिलांच्या ओळखीचे ज्येष्ठ वकील यांचे नाव मोठे असते, पण त्यांनी अर्जदार मुलीचा एक निबंधही वाचलेला नसतो. ज्या प्राध्यापकांनी तिचा प्रकल्प दोनदा परत पाठवला आणि तिसऱ्यांदा स्वीकारला, त्यांच्या पत्राला खरे वजन असते. पदवी होऊन काही वर्षे लोटली असतील, तर काम प्रत्यक्ष तपासणाऱ्या वरिष्ठाचेही चालते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हा सारा प्रकार अनोळखी वाटतो. इथे विधी अभ्यासक्रमाला सीईटी किंवा क्लॅट या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. शिफारस लागत नाही. एलएलएम या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी अमेरिकेत जायचे ठरले की मग धावपळ सुरू होते आणि पुष्कळदा शिफारसपत्राऐवजी चारित्र्याचा दाखला तयार होतो: विद्यार्थी कष्टाळू, आज्ञाधारक, वर्तन उत्तम, खाली सही-शिक्का. समितीच्या दृष्टीने असे पत्र कोरेच. भरगच्च वर्गात शिक्षकाला नाव आठवत नसेल, तर मूट कोर्टाची (सराव न्यायालयाची) तयारी करून घेणारे, विधी साहाय्य केंद्र पाहणारे किंवा संशोधन निबंधाचे मार्गदर्शक अधिक नेमके सांगू शकतात.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्याकडची सर्रास पद्धत अप्रामाणिक तर आहेच, शिवाय विद्यार्थ्याच्या तोट्याची आहे. स्वतःविषयी लिहिताना त्याला आपले कोणते उत्तर शिक्षकाच्या लक्षात राहिले हे माहीतच नसते. वेळ नसलेल्या शिक्षकाला प्रसंगांची टिपणे देणे मात्र योग्य आहे. ‘माझ्याबद्दल ठामपणे लिहू शकाल का, सर?’ असे स्पष्ट विचारावे. उत्तरात आढेवेढे आले, तर आभार मानून दुसऱ्या शिक्षकांकडे जावे. प्रतीक्षा यादीत नाव लागल्यावर काही विद्यालये आणखी एक पत्र स्वीकारतात. ते आधीच्या पत्रांत न आलेले काही सांगणारे असेल तरच पाठवावे.