योद्धा आणि मांत्रिक
अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. खेळाडूनें योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक व्हावें आणि अनुभवाचे गुण मिळवीत पायरीपायरीनें वर चढावें, अशी त्याची मांडणी होती. योद्ध्याचें काम सोपें: तलवार उचलावी, घाव घालावा. मांत्रिकाला आरंभीं एकच मंत्र. तो संपला कीं बिचाऱ्याच्या हातीं खंजीर तेवढा उरे. पुढें मात्र तोच सर्वांना भारी होई. या भावी ऐश्वर्याची किंमत आधींच वसूल केली जाई. दुसऱ्या पायरीसाठीं योद्ध्यास २,००० गुण पुरत, मांत्रिकास २,५०० लागत. हिशेब चोख खरा. पण ज्याचा मांत्रिक पहिल्याच भुयारांत गारद झाला, त्याला तो कसा पटावा?

संगणकांच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या 'एव्हरक्वेस्ट'नें १९९९ सालीं हीच रीत उचलली. पॅलाडिन, रेंजर अशा मिश्र वर्गांवर गुणांचा जादा भार ठेवला. वांटणींत त्याची झळ सोबत्यांनाही लागे. म्हणून अशांना गटांत घेण्यास लोक कांकूं करीत. पुढें तो भार काढावा लागला.

मूळ खेळानेंही २००० सालीं सर्वांस एकच तक्ता लावला. २००८ च्या आवृत्तींत तर सर्व वर्गांच्या शक्तींची घडणच एकसारखी झाली, आणि मग योद्धा व मांत्रिक यांत फरक तो काय उरला, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार सुरू झाली! २०१४ सालीं मंत्रविद्या पुन्हां निराळी केली गेली, आणि ज्यास फारशी उठाठेव नको त्याच्यासाठीं 'चँपियन' हा सरळसोट योद्धा ठेवण्यांत आला.