पुस्तकाकडे पाहावं की आईकडे?

आई मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट वाचते तेव्हा मुलाची पाठ तिच्याकडे असते. डोळे चित्रावर, कान आवाजाकडे. ही बैठक इतकी सवयीची आहे, की ती सगळी कानाच्या भरवशावर उभी आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. मूल कर्णबधिर असेल तर ती मोडते. चित्र पाहावं तर आईचे हात आणि चेहरा दिसत नाही. आईकडे पाहावं तर पुस्तक सुटतं. मग अशा घरात गोष्ट वाचायची कशी? या साध्या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा अमेरिकेत घडला.

हार्टफर्ड गावात ॲलिस कॉग्सवेल नावाची मुलगी होती. लहानपणीच्या आजारात तिचं ऐकणं गेलं होतं. १८१४ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, शेजारचा थॉमस गॅलॉडेट हा तरुण तिला शब्द लिहून दाखवू लागला. पुढे गावातल्या प्रतिष्ठितांनी पैसे उभे करून त्याला ही विद्या शिकायला युरोपात धाडलं. परत येताना त्याने पॅरिसच्या शाळेतला शिक्षक सोबत आणला. लोराँ क्लेर्क त्याचं नाव, आणि तो स्वतः कर्णबधिर. जहाजावर एकाने दुसऱ्याला इंग्रजी शिकवली, दुसऱ्याने पहिल्याला खुणा. १८१७ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्डची शाळा उघडली. तिथे शिकलेली मुलं पुढे इतर राज्यांत शिक्षक झाली. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या अशा शाळांत साधारण ४० टक्के शिक्षक कर्णबधिर होते.

मग १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. खुणा बंद कराव्यात, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवावं, असा ठराव तिथे प्रचंड बहुमताने झाला. ज्यांच्याबद्दल ठराव होत होता, त्यांच्यापैकी मत द्यायला जवळजवळ कोणीच नव्हतं. ठरावाचे परिणाम दूरवर झाले. हातावर पट्टी बसण्याच्या कहाण्या पुष्कळ देशांत ऐकायला मिळतात. मला मात्र दुसरं नुकसान मोठं वाटतं. बोलणं शिकवायचं तर शिक्षक ऐकणारा हवा, म्हणून कर्णबधिर शिक्षक हळूहळू वर्गातून गेले. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेत त्यांचं प्रमाण १५ टक्क्यांच्याही खाली आलं. डोळ्यांनी ऐकणाऱ्या मुलाला गोष्ट कशी सांगायची, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक होतं, तीच माणसं बाहेर पडली.

राहिले आईबाप, एकेकटे. चित्रपट अभिनेता स्पेन्सर ट्रेसी आणि त्याची पत्नी लुईस यांचा मुलगा जॉन १९२४ मध्ये जन्मला. दार जोरात आपटलं तरी बाळ जागं झालं नाही, तेव्हा लुईसच्या ध्यानात आलं. तिने अभ्यास करून त्याला बोलायला, वाचायला शिकवलं. १९४२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ आवारातल्या एका छोट्या घरात तिने बारा आयांना जमवलं. पुढच्याच वर्षी टपालाने धडे सुरू झाले, तेही मोफत. दूरच्या आया घरात काय घडतं ते लिहून कळवत आणि केंद्रातून त्याला उत्तर येई. हे धडे पुढे कितीतरी देशांत, कितीतरी भाषांत गेले. पद्धत पूर्णपणे बोलण्याची होती, खुणांना तिथे जागा नव्हती. त्यावर टीका व्हायची ती झाली. पण शिक्षण मुलाच्या आधी आईचं व्हायला हवं हे त्या बाईने ओळखलं, याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात विल्यम स्टोको हे इंग्रजीचे प्राध्यापक होते. वर्गाबाहेर मुलं हातांनी जे बोलत, त्याला स्वतःचं व्याकरण आहे, ती पुरती भाषा आहे, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. सहकारी हसले. पण दार किलकिलं झालं. कर्णबधिर आईबापांच्या घरातली कर्णबधिर मुलं अनेकदा वाचनात पुढे दिसत. त्यांच्या घरात मुलाला पहिल्या दिवसापासून पुरी कळणारी भाषा मिळत होती. आता अडचण अशी, की अशी घरं मोजकी. अमेरिकेत ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात.

१९९० च्या दशकात गॅलॉडेटच्या डेव्हिड श्लेपर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सोपी वाट काढली. कर्णबधिर आईबाप आपल्या मुलांना गोष्ट कशी वाचून दाखवतात, त्याच्या अभ्यासातून पंधरा तत्त्वं मांडली गेली. मग कर्णबधिर प्रौढ माणूस आठवड्यातून एकदा ऐकणाऱ्या कुटुंबाच्या घरी शिकवायला जाऊ लागला. घरी एक पिशवी मिळायची. तिच्यात गोष्टीचं पुस्तक, तीच गोष्ट खुणांत सांगितलेली व्हिडिओ कॅसेट, मुलाबरोबर करायच्या गोष्टींची पुस्तिका आणि सूचना छापलेली वाचनखूण. मिलानने वर्गाबाहेर घालवलेला शिक्षक असा घराच्या दारातून आत आला.

पंधरापैकी काही तत्त्वं वाचताना मी थबकलो. मुलाने मान वर करेपर्यंत थांबायचं. मासा ही खूण हवेत न करता चित्रातल्या पाण्यावर करायची. कोल्हा सांगताना हात कोल्ह्यासारखे चालवायचे, अस्वल सांगताना अस्वलासारखे. आणि दोन्ही भाषा मुलाच्या डोळ्यांसमोर ठेवायच्या, हातावर खुणा आणि पानावर इंग्रजी. हे मला नवं नव्हतं. आमच्या घरात दखनी आणि शाळेत मराठी. अम्मी मराठी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून गोष्ट दखनीत सांगायची. मराठी मला तशीच आली.

आणखी एक तत्त्व बालगीतांसारख्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींचं. त्या खुणांत आणताना दर वेळी थोड्या बदलून आणायच्या. कवीला लगेच प्रश्न पडतो, मग यमकाचं काय? त्याचं उत्तर क्लेटन वॅली या कर्णबधिर कवीने आणि भाषाशास्त्रज्ञाने दिलं. एकामागून एक खुणांत हाताचा आकार तोच ठेवला, की डोळ्याला यमक जाणवतं. आमच्या गझलेतला काफिया कानाला जे देतो, तेच.

२०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव अमान्य करून खेद व्यक्त केला. म्हणजे १३० वर्षं लागली.

आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकातच, बिशप मेरिन यांच्या पुढाकाराने निघाली. वांद्र्यात १९८३ मध्ये अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ‘मूकबधिर’ ही पाटी मात्र अजून कितीतरी शाळांवर दिसते. जे मूल हातांनी घर डोक्यावर घेतं त्याला मूक कसं म्हणायचं? २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचं केंद्र दिल्लीत सुरू झालं. २०२० मध्ये शालेय पाठ्यपुस्तकं या भाषेत आणण्याचा करारही झाला. ही भाषा शिकवण्याची पदविका तिथे कर्णबधिर विद्यार्थी घेतात. त्यांच्यातलं कोणी आपल्या भागात आलं, चार-पाच कुटुंबं एका ओसरीवर जमली, तर पिशवीत घालायला माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी चित्रांची मराठी पुस्तकं आहेत. सोबतची चित्रफीत कोणीतरी मोबाइल समोर धरून करायची आहे.