काठीची गृहरचना

एकोणिसाव्या शतकातील गृहरचनेचा इतिहास लिहावयाचा म्हटला की लेखणी सहजच मुंबईच्या मलबार टेकडीवरील धनिकांच्या बंगल्यांकडे, किंवा गिरगावातील खोताच्या वाडीतल्या व्हरांड्यांच्या घरांकडे वळते. परंतु त्याच शतकात सातपुड्याच्या कुशीत, काठी संस्थानाच्या मुलखात, तितकीच विचारपूर्वक सिद्ध झालेली एक वास्तुपरंपरा नांदत होती, तिची दखल घेणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

१८१८ मध्ये पेशवाई अस्तास जाऊन खानदेशावर कंपनी सरकारचा अंमल बसला, तरी चिखली, नाला, सिंगपूर, गव्हाळी, नवलपूर आणि काठी ही मेहवासी, म्हणजे डोंगरपट्ट्यातील छोटी, संस्थाने आपापल्या भिल्ल नाईकांकडे राहिली. येथील रयतेची घरे रांगेने उभी राहत नसत. प्रत्येक कुटुंब आपल्या शेतातील उंचवटा पाहून घर बांधी, आणि अशा विखुरलेल्या घरांचाच पाडा होई. वरच्या टोकास नैसर्गिक बेचके असलेले सागाचे खांब जमिनीत रोवून, त्यांवर तुळया, वासे आणि दुपाखी छप्पर चढविले की घराचा सांगाडा पुरा होई. बांबूच्या कामट्या विणून शेणमातीने लिंपलेला कूड केवळ आडोसा देई, भार पेलीत नसे. एकाच छपराखाली माणसे, गुरे, चूल आणि धान्याच्या कणग्या यांची सोय असे. आणि उभारणीस सगळा पाडा परस्परसाह्याने राबे.

भार सांगाड्यावर असल्यामुळे हे घर उतरवून दुसऱ्या जागी पुन्हा उभारता येई, हे या रचनेचे मर्म होय. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ झाली आणि डोंगरपट्ट्यात इमारती लाकूड हे परवान्याचे प्रकरण होत गेले, तेव्हा जुन्या सागाचे मोल अधिकच वाढले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाचे पाणी, काठी ज्यात मोडते त्याच अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली गावापर्यंत चढले, त्या काळात नर्मदाकाठच्या विस्थापितांनी घरे उतरवून खांब-तुळया नव्या वसाहतींत नेल्या.

दगडी वास्तूचे वय तिच्या जागेवरून ठरते. सातपुड्यातील घराचे वय मात्र त्याच्या लाकडावरून आणि ते जुळविणाऱ्या हातांच्या ज्ञानावरून ठरवावे लागेल. सिमेंटची घरे झपाट्याने वाढत असता, या घरांची मोजमापे, आराखडे आणि बांधणाऱ्या वृद्धांच्या जबान्या पुराभिलेखांत दाखल करणे, हे वाड्या-बंगल्यांच्या जतनाइतकेच निकडीचे कार्य आहे.